घरी कच्च्या कालवांचे शूटर करायचे असतील तर

सिॲटलजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा प्रश्न आहे. ऑक्टोबरात घरी बारा माणसं जेवायला येणार आहेत आणि जेवणाआधी ऑयस्टर शूटर द्यायचा बेत आहे. म्हणजे छोट्या ग्लासात एक कच्चं कालव, थोडी वोडका, थोडा टोमॅटोचा रस, तिखट-आंबट सॉस, आणि सगळं एका दमात तोंडात. त्यांना मापं हवी आहेत, कालव उघडायची रीत हवी आहे, आधी काय काय करून ठेवता येईल ते हवं आहे. शेवटी एक शंका आहे : वोडका, लिंबू आणि टबॅस्को (मिरचीचा तिखट सॉस) यांमुळे कालवातले जंतू मरतात ना?

शंकेचं उत्तर आधी देतो, कारण खरेदीपासूनची सगळी कामं त्यावर ठरतात. मरत नाहीत. हिशेब करून बघा. पंचावन्न मिलिच्या शूटरमध्ये ४० टक्क्यांची वोडका असते १५ मिली. टोमॅटोचा रस, कालवाचं पाणी आणि सॉस मिसळल्यावर कालवाभोवतीच्या द्रवात अल्कोहोल उरतं जेमतेम १५ टक्के. तेही कालवाला लागतं वरून, अर्धा-एक मिनिट. जंतू असतात कालवाच्या पोटात आणि मांसात. लिंबाचा आंबटपणा आणि मिरचीचा झणका तिथवर पोचतच नाही. त्यामुळे शूटर बाधेल की नाही हे ग्लास भरण्याच्या कितीतरी आधी, कालव कुठलं घेतलं आणि घरी येईपर्यंत ते किती गार राहिलं यावर ठरून गेलेलं असतं.

धोके मुख्यतः दोन, आणि ते वेगवेगळ्या वाटेने येतात. कालव पाणी गाळून खातं. मोठं कालव अनुकूल हवामानात दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. त्या पाण्यात सांडपाणी मिसळलं असेल तर नोरोव्हायरस कालवात साठतो. हा विषाणू कालवात वाढत नाही, पण गारव्याने मरतही नाही, फ्रीझरमध्येसुद्धा तगून राहतो. त्यावर उपाय एकच, स्वच्छ म्हणून तपासलेल्या पाण्यातलं कालव घेणं. दुसरा धोका व्हिब्रिओ जीवाणूंचा. हे समुद्रात मुळातच असतात, पाणी कितीही स्वच्छ असलं तरी. पाणी तापलं की ते वाढतात आणि कालव काढल्यावर ते गरम राहिलं तर आणखी झपाट्याने वाढतात. त्यावर उपाय म्हणजे मोसम आणि गारवा. परवानाधारक विक्रेत्याकडचं कालव घेतलं पण गाडीच्या डिकीत तासभर उन्हात ठेवलं, तर पहिला धोका टळला आणि दुसरा ओढवून घेतला असं होतं.

ऑक्टोबरचा बेत त्या दृष्टीने चांगला आहे. वॉशिंग्टन राज्यात मे ते सप्टेंबर या काळात व्हिब्रिओमुळे काढणीचे नियम जास्त कडक असतात. उन्हाळ्यात प्यूजेट साउंडमधली (सिॲटलजवळच्या समुद्राच्या खाडीतली) मोठी ओहोटी नेमकी दिवसा येते, कालवं उघडी पडून तापतात. २०२१च्या जूनअखेर आलेल्या उष्णतेच्या लाटेनंतर जुलैमध्ये तिथे व्हिब्रिओच्या रुग्णांची संख्या विक्रमी झाली होती. उन्हाळ्यातलं कालव चवीलाही डावं असतं. अंडी धरण्याच्या दिवसांत ते दुधाळ आणि लिबलिबीत होतं. शूटरमध्ये तर ते फारच वाईट लागतं, कारण दुधाळपणा रसात उतरून सगळा ग्लास गढूळ होतो. ट्रिप्लॉइड जातीची कालवं प्रजननाला येत नाहीत म्हणून उन्हाळ्यातही घट्ट राहतात. पण घट्टपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, व्हिब्रिओ त्यांच्यातही तितकाच असतो.

आता खरेदी. अमेरिकेत विकायला येणाऱ्या जिवंत कालवांच्या प्रत्येक पोत्यावर टॅग असतो. त्यावर विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक, काढणीची तारीख, काढणीचं ठिकाण, जात आणि नग किंवा वजन लिहिलेलं असतं. दुकानदारांना हे टॅग ९० दिवस जपून ठेवावे लागतात, त्यामुळे "टॅग दाखवा" म्हणायला संकोच नको. काढणीची तारीख बघा. नीट ठेवलेलं कालव दहा दिवसही जिवंत राहतं, पण कच्चं खायचं असेल तर काढल्यापासून सात दिवसांच्या आतलंच घ्यावं, चार दिवसांच्या आतलं मिळालं तर उत्तम. टॅग नाही, तारीख सांगता येत नाही, किंवा कालवं पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली आहेत असं दिसलं, तर ते दुकान कच्च्यासाठी सोडून द्या.

शूटरला लहान कालव लागतं. याबाबत तडजोड नको. चार इंची कालव शिंपल्यात कितीही देखणं दिसलं तरी ग्लासातून एकदम तोंडात आलं की माणूस गडबडतो; गिळवत नाही आणि चावायला तोंडात जागा नसते. शिंपला अडीच ते तीन इंचांचा हवा. सिॲटलकडच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक जातीतलं 'एक्स्ट्रा स्मॉल' किंवा 'पेटीट' मापाचं मागा. कुमामोटो मिळालं तर सगळ्यात बरं. ही मूळची जपानच्या क्युशू बेटाकडची, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलेली वेगळी जात आहे. शिंपला जेमतेम दोन इंच पण चांगला खोल, मांस भरीव, चव गोडसर आणि खारटपणा सौम्य. पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी व्हर्जिनिका जातीची लहान कालवं घ्यावीत. मॅसॅच्युसेट्सच्या वेलफ्लीटची किंवा प्रिन्स एडवर्ड बेटाची कालवं खारट असतात, चेसापीक उपसागराच्या आतल्या भागातली पुष्कळ सौम्य. खारट कालव असेल तर पुढे दिलेल्या सॉसमध्ये वूस्टरशर (खारट-आंबट इंग्लिश सॉस) निम्मं करायचं, एवढंच.

फ्रीजच्या कपाटात जारमध्ये मिळणारी सोललेली कालवं सोपी वाटतात. ती मुख्यतः शिजवण्यासाठी भरलेली असतात. कच्चं खाण्यासाठी असल्याचं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्यांचा शूटर करू नका. याउलट, उच्च दाबाखाली प्रक्रिया केलेली कालवंही मिळतात. त्या दाबाने व्हिब्रिओ जवळजवळ नाहीसा होतो आणि शिंपल्याची पकडही सुटते, म्हणून शिंपल्यावर पट्टी बांधलेली असते. मांस थोडं जास्त टणक आणि फुगीर लागतं, समुद्राची चव किंचित कमी. शिंपल्यात नुसतं खाताना हा फरक कळतो, पण सॉस आणि टोमॅटोच्या रसात तो फारसा जाणवत नाही. उन्हाळ्यात शूटर करायचेच असतील तर माझी पसंती याच कालवांना. मेक्सिकोच्या आखातातली उन्हाळी कालवं तर कॅलिफोर्नियात अशा प्रक्रियेशिवाय विकताच येत नाहीत. २००३पासून तिथे १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळातल्या काढणीसाठी तसा नियम आहे.

वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर परवाना काढून स्वतः कालवं वेचणारेही पुष्कळ. तिथे कालवं किनाऱ्यावरच सोलून शिंपले तिथेच टाकावे लागतात, कारण त्यांच्यावर पुढची पिल्लं बसतात. म्हणजे घरी येतं ते सोललेलं मांस. जायच्या आधी राज्याच्या आरोग्य खात्याच्या नकाशावर तो किनारा उघडा आहे का ते त्याच दिवशी बघावं. शेवाळी विषामुळे किनारा बंद असेल तर शिजवूनही उपयोग नाही, ते विष उष्णतेने जात नाही. पाहुण्यांसाठी मात्र टॅगवालीच कालवं घ्या असा माझा आग्रह आहे. स्वतःच्या जिवाची जोखीम घेणं वेगळं आणि बारा जणांच्या हातात ग्लास देणं वेगळं.

बारा माणसांना प्रत्येकी दोन धरले तर चोवीस कालवं लागतील. तीस आणा. दोन-तीन मेलेली निघतात, एखादं उघडताना फाटतं.

दुकानात जाताना बर्फाचा डबा घेऊन जा. घरी आणल्यावर पसरट भांड्यात कालवं खोलगट बाजू खाली करून एका थरात मांडा म्हणजे त्यांचं पाणी गळणार नाही. वर पिळलेलं ओलं फडकं टाका आणि फ्रीजच्या सगळ्यात खालच्या, मागच्या भागात ठेवा. तापमान १ ते ४ अंश सेल्सिअस. दोन चुका फार होतात. एक म्हणजे नळाच्या पाण्यात बुडवून ठेवणं : गोड्या पाण्यात कालव मरतं. दुसरी म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून किंवा डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवणं : हवा मिळत नाही, तरीही मरतं. बर्फावर ठेवायची असतील तर वितळलेलं पाणी निथळून जाईल अशी चाळणी खाली हवी.

उघडण्याआधी थंड वाहत्या पाण्याखाली ताठ केसांच्या ब्रशने एकेक कालव घासायचं. विशेषतः बिजागरीच्या खाचेत चिखल बसलेला असतो आणि सुरी तिथूनच आत जाणार असते. घासतानाच निवड होते. तोंड उघडं असेल तर टिचकी मारा. मिटलं तर जिवंत, नाही मिटलं तर टाका. फुटलेला शिंपला टाका. हातात हलकं वाटणारं, दोन कालवं एकमेकांवर आपटल्यावर पोकळ आवाज करणारं टाका, आतलं पाणी आटलेलं आहे.

उघडायला ऑयस्टर नाइफच हवा. भाजीची सुरी वाकते, टोक मोडतं, आणि घसरली की थेट तळहातात जाते. ऑयस्टर नाइफचं पातं आखूड, जाड आणि बोथट असतं, कारण काम कापायचं नसून तरफ मारायचं असतं. लहान कालवांसाठी टोक किंचित वर वळलेला 'न्यू हेवन' पद्धतीचा नाइफ सोयीचा. डाव्या हातात कापरोधक हातमोजा घाला. तो नसेल तर जाड टॉवेलची चौपदरी घडी करा.

कालव टेबलावर घडीच्या टॉवेलवर ठेवा, खोलगट शिंपला खाली, सपाट वर, आणि निमुळतं टोक म्हणजे बिजागरी तुमच्या बाजूला. डाव्या हाताने टॉवेलसकट दाबून धरा, बोटं सुरीच्या वाटेत येता कामा नयेत. नाइफचं टोक बिजागरीच्या खाचेत थोडं खाली झुकवून बसवा. इथे बहुतेक जण जोर लावतात. जोर लावू नका. टोक डावी-उजवीकडे डुलवत आत जाऊ द्या. ते रुतून बसलं आणि नाइफ सोडला तरी उभा राहतोय असं वाटलं की मगच मनगट पिळा. 'टक्' असा आवाज येतो आणि बिजागरी सुटते. हा आवाज येईपर्यंत धीर धरला तर शिंपल्याचे तुकडे पडत नाहीत.

लगेच नाइफ पुसा. टोकाला चिखल लागलेला असतो, तो आत नेलात तर कितीही चांगलं कालव मातीचं लागतं. मग पातं वरच्या शिंपल्याला आतून चिकटवून सरकवा. शिंपले मिटणारा स्नायू, बिजागरी सहा वाजता धरली तर, साधारण दोन-तीन वाजण्याच्या जागी असतो. तो वरच्या शिंपल्यापासून खरवडल्यासारखा कापला की झाकण सुटतं. पातं खाली मांसाकडे झुकलं तर पोट फाटतं आणि काळपट-हिरवा गाळ बाहेर येतो. ते कालव शूटरला नको, बाजूला ठेवा आणि शिजवा. झाकण काढल्यावर त्याच स्नायूचं खालचं टोक कापा. मांस शिंपल्यात मोकळं फिरलं पाहिजे. खालचा स्नायू अर्धवट राहिला की ग्लासात ओतताना कालव लोंबकळतं आणि मग बोटाने ओढावं लागतं.

आता नाक लावा. समुद्राचा, काकडीसारखा ताजा वास हवा. गंधकासारखा किंवा कुजकट वास आला तर शंकेला जागा नाही, टाका. आतलं पाणी स्वच्छ किंवा किंचित गढूळ चालेल. कोरडं, आक्रसलेलं मांस चालणार नाही. गुलाबी झालेलं पाणीही नको. कल्ल्यांवर हिरवी झाक मात्र दोष नाही, ती खाल्लेल्या शेवाळाची. पूर्वेकडच्या कालवात वाटाण्याएवढा मऊ खेकडा निघाला तर तोही निरुपद्रवी, नुसता काढून टाका.

अंगचं पाणी फेकू नका. शूटरचा अर्धा स्वाद त्यातच असतो. चोवीसही कालवांचं पाणी वाटीत गोळा करा, बारीक गाळणीतून गाळा आणि बर्फावर ठेवा. मांस नळाखाली धुणं ही घरोघरी होणारी सगळ्यात मोठी चूक. शिंपल्याचा कण चिकटलेला दिसला तर त्याच गाळलेल्या पाण्यात मांस हलकेच हिंदकळून काढा. पाणी पुरत नसेल तर लिटरभर थंड पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून तो खारा द्रव वापरा.

नवशिक्याला एका कालवाला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून तीस कालवांना तास-दीड तास धरा आणि शक्य तर दोन जण बसा. उघडलेली कालवं खोलगट शिंपल्यातच, बर्फाच्या चुऱ्यावर, झाकून फ्रीजमध्ये ठेवता येतात, पण तासाभरापेक्षा जास्त नाही. आदल्या दिवशी कालवं उघडून ठेवायचा विचार मनातून काढून टाका. सॉस मात्र आदल्या दिवशीच करा, मुरलेला जास्त चांगला लागतो.

सॉसचं माप चोवीस शूटरसाठी : टोमॅटो केचप १२० मिली, जारमधलं किसलेलं हॉर्सरॅडिश (मोहरीसारखा झणका असलेलं एक मूळ) ३० मिली, पिवळ्या लेमनचा रस २० मिली, वूस्टरशर सॉस १० मिली, टबॅस्को बारा ते पंधरा थेंब, ताजी कुटलेली काळी मिरी पाव छोटा चमचा. मीठ अजिबात नाही. हॉर्सरॅडिश चमच्याने दाबून त्यातलं व्हिनेगर काढून टाका, नाहीतर सॉस पातळ होतो आणि ग्लासात लगेच विरघळून जातो. लेमनऐवजी आपलं कागदी लिंबू असेल तर १५ मिली पुरे.

हॉर्सरॅडिशचं ताजं मूळ मिळालं तर जारपेक्षा कितीतरी पट चांगलं. त्याचा झणका मुळात नसतोच, किसल्यावर पेशी फुटून तयार होतो, आणि व्हिनेगर पडलं की वाढायचा थांबतो. म्हणून ३० ग्रॅम मूळ सोलून बारीक किसा, दोन-तीन मिनिटं थांबा, आणि मग मोठा चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला. लगेच व्हिनेगर घातलं तर सौम्य राहतं. किसण्याऐवजी मिक्सरमधून काढलं तर झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. भारतात याऐवजी शेवग्याचं मूळ वापरायची जुनी अँग्लो-इंडियन रीत होती. वास तसाच येतो, पण त्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात. ते करू नये. मोहरी वाटून घातली तरी काम भागतं.

ग्लासबद्दल थोडं. नेहमीचा अमेरिकन शॉट ग्लास ४४ मिलिचा असतो, त्यात हे मावत नाही. ७५ ते ९० मिलिचा, वर तोंड रुंद होत जाणारा ग्लास हवा. उंच आणि अरुंद ग्लासात कालव तळाशी बसतं, आधी सगळा रस येतो आणि मग माणूस मान मागे टाकून ग्लास ठोकत राहतो. ग्लास वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. वोडका मात्र फ्रीझरमधली नको, फ्रीजमधली घ्या. उणे अठरा अंशांची वोडका जीभ बधिर करते आणि ज्या कालवासाठी एवढी खटपट केली त्याची चवच कळत नाही. वोडका साधी, वास नसलेली घ्या.

एका ग्लासाचं माप : वोडका १५ मिली, थंड टोमॅटोचा रस १५ मिली, गाळलेलं कालवाचं पाणी ५ मिली, एक कालव, आणि वर सॉस एक छोटा चमचा म्हणजे ५ मिली. ओतायचा क्रमही हाच ठेवा. कोरड्या ग्लासात आधी कालव टाकलं तर ते काचेला चिकटतं. खाली रस असला की सुटं राहतं आणि ग्लास कलताच घरंगळत येतं. सॉस शेवटी, म्हणजे तो कालवावर बसतो आणि पहिल्या क्षणी जिभेला लागतो. वर हवा तर लिंबाचा एक थेंब आणि पातीच्या कांद्याची बारीक चकती.

मिसळून ठेवून द्यायचं नाही. आम्ल आणि अल्कोहोल लागलं की कालवाचा पृष्ठभाग पांढुरका आणि चिवट होऊ लागतो. पाच मिनिटांत फरक कळतो, पंधरा मिनिटांत रबर. म्हणून वोडका, टोमॅटोचा रस आणि कालवाचं पाणी ग्लासात आधी घालून ट्रे फ्रीजमध्ये ठेवा, आणि पाहुणे हात पुढे करतील तेव्हा कालव आणि सॉस घाला. सहा-सहा ग्लासांची फेरी काढा, चोवीस एकदम नको. पाहुण्यांना सांगा की सगळं एकदम तोंडात घ्या पण गिळायच्या आधी दोन-तीनदा चावा. न चावता गिळलं तर नुसता सॉस कळतो. कालवाचा गोडवा चावल्यावरच उतरतो.

दारू न घेणाऱ्यांसाठी टोमॅटोचा रस २५ मिली करून लेमनचे चार-पाच थेंब वाढवा. घरी कोकमाचं आगळ असेल तर टोमॅटोऐवजी एक छोटा चमचा आगळ आणि २० मिली बर्फाचं पाणी, वर ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा बारीक तुकडा; हे फार छान जमतं. आगळात भरपूर मीठ असतं, म्हणून या ग्लासात कालवाचं पाणी आणि सॉस दोन्ही वगळा. सोलकढी मात्र नको, नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा कालवाची चव झाकून टाकतो. जपानी धर्तीवर करायचं तर साके (तांदळाची जपानी दारू) १५ मिली, पॉन्झू (सोया सॉस आणि आंबट फळांच्या रसाचा सॉस) ५ मिली आणि किसलेल्या मुळ्यात मिरची घालून त्याची चिमूट. त्यात लावीच्या अंड्याचं कच्चं पिवळं घालतात, पण कच्च्या कालवावर कच्च्या अंड्याचा धोका चढवायचं कारण मला दिसत नाही.

कोणाला देऊ नये, हे आमंत्रण देतानाच विचारून घ्या, ग्लास हातात आल्यावर भिडेपोटी माणूस बोलत नाही. यकृताचा कोणताही आजार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोगाचे उपचार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात लोह साठलेलं असणं, पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या रोजच्या गोळ्या : यांपैकी काहीही असेल तर कच्चं कालव नाही. गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्ध यांनाही नाही. आपल्या घरांत मधुमेह आणि ॲसिडिटीच्या गोळ्या इतक्या सर्रास असतात की बारांतले चार-पाच जण या यादीत बसले तर नवल नाही. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनीही दूर राहावं. व्हिब्रिओ व्हल्निफिकस या सगळ्यात घातक व्हिब्रिओचा संसर्ग विरळा, पण तो झालेल्या दर पाचांतला सुमारे एक जण दगावतो, कधीकधी एक-दोन दिवसांत. खाल्ल्यानंतर थंडी वाजून ताप आला, चक्कर आली किंवा अंगावर फोड उठले तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा आणि "कच्ची कालवं खाल्ली होती" हे पहिल्याच वाक्यात सांगा. साधे जुलाब-उलट्या बहुधा दोन-तीन दिवसांत थांबतात, पण तेव्हाही टॅगचा फोटो हाताशी असू द्या. आरोग्य खात्याला कालवं कुठली होती ते त्यावरूनच शोधता येतं.

जे या यादीत बसतात त्यांच्यासाठी उकडलेल्या कालवाचा शूटर करा. दिसायला तोच. गाळलेलं कालवाचं पाणी आणि थोडं साधं पाणी एकत्र उकळा, त्यात सोललेलं मांस टाका आणि पुन्हा उकळी आल्यापासून किमान तीन मिनिटं उकळू द्या, कडा कुरळ्या होतात. लगेच बर्फावर ठेवलेल्या भांड्यात काढा. ते आक्रसतं, म्हणून या ग्लासांसाठी कालव एक माप मोठं घ्या. चमचा आणि भांडी कच्च्यापासून वेगळी हवीत, नाहीतर सगळा उपयोग गेला.

कोकणातून हाच प्रश्न येतो : मालवण-देवगडकडची ताजी कालवं मिळतात, ती का नकोत? खडकांवरची आणि खाड्यांतली ही कालवं चवीला उत्तमच असतात, तिथल्या सुक्याला आणि रश्शाला तोड नाही. अडचण चवीची नाही. बाजारात बहुधा ती सोललेली, मापाने विकायला येतात. कुठल्या खाडीतली, केव्हा काढलेली, किती वेळ उन्हात होती याची नोंद त्यांच्यासोबत नसते, आणि विकताना साधं पाणी घातलेलं असलं तर मांस फुगून चवही उतरलेली असते. पाणी वर्षभर कोमट, म्हणजे व्हिब्रिओला सगळे महिने उन्हाळाच. ज्या खाडीच्या काठी गाव आणि गटार आहे तिथलं तर बोलायलाच नको. सिंधुदुर्गात खाड्यांमध्ये कालवं वाढवणारे गट आहेत, त्यांच्याकडून शिंपल्यासकट जिवंत कालवं मिळाली तर जरूर घ्या, पण ती वरच्या रीतीने उकडूनच ग्लासात घाला. तिथे केचपच्या सॉसपेक्षा आगळ, हिरवी मिरची आणि किसलेल्या आल्याच्या रसाचे दोन थेंब हाच मेळ बसतो. बारा कालवांना आगळ ६० मिली, बर्फाचं पाणी २४० मिली, दोन मिरच्या ठेचून आणि गाळून. मीठ चाखून बघितल्याशिवाय घालू नका.